५ डिसेंबरचा कापूस १२ मेला!
यवतमाळकडच्या आमच्या जिनिंगवर (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) वजनकाट्याची सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल, मी मॅक्रोने (एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामने) एक्सेलमध्ये घ्यायचो. ५ डिसेंबरला आलेला कापूस १२ मेला दिसे! १३ तारखेपासूनच्या नोंदी तर नुसता मजकूर बनून डावीकडे चिकटत. शेतकऱ्याचा चुकारा तारखेवर ठरतो, त्यामुळे जीव टांगणीला लागला.

विंडोजची सेटिंग भारतीयच होती. तीच फाइल हाताने उघडली, तर सगळं बरोबर. तिथंच गोम सापडली: मॅक्रोतून सीएसव्ही उघडताना अमेरिकी पद्धत धरली जाते, म्हणजे महिना आधी, दिवस नंतर. तेरावा महिना नसतो, म्हणून १३ तारखेपासूनच्या नोंदी मजकूर बनत. मॅक्रोतल्या फाइल उघडायच्या 'वर्कबुक्स डॉट ओपन' या आज्ञेमध्ये 'लोकल' हा पर्याय 'ट्रू' केला आणि तारखा जागेवर आल्या.

जुन्या नोंदी मात्र मूळ फाइलींमधून पुन्हा घ्याव्या लागल्या. सेलचं फॉरमॅट बदलून त्या सुधरत नाहीत, आतला आकडाच चुकलेला असतो.