तैलरंगातलं व्यक्तिचित्र: आधी सावली, मग रंग

पापण्यांचा केस न् केस काढला म्हणून चेहरा हुबेहूब येत नाही. सावल्यांचे आकार जागच्या जागी बसले की येतो. म्हणून उजेड एकाच बाजूने, थोडा वरून घ्या. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत सावल्याच नसतात. असा फोटो शिकायला निरुपयोगी.

गेसो (रंग धरण्यासाठीचा पांढरा अस्तर-लेप) लावलेला 12×16 इंची कॅनव्हास पुरतो. कोऱ्या पांढऱ्यावर गडद-उजळाचा अंदाज चुकतो, त्यामुळे टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) लावून फडक्याने पुसून घ्या. वाळल्यावर रेखाटन. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवखा माणूस ते वर चढवतो, कारण केसांखालचा माथा विसरतो.

आता डोळे किलकिले करून बघा आणि सावलीचा सगळा भाग बर्न्ट अंबरच्या एकाच सपाट छटेने भरा. चार पावलं मागे जाऊन ओळख पटत नसेल तर पुढे जाऊ नका. आरशात चित्र पाहिलं की वाकडा डोळा लगेच सापडतो.

रंग चारच: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक. अँडर्स झॉर्न या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने ही पॅलेट ओळखली जाते. निळा नाही, पण काळ्यात पांढरा मिसळला की त्वचेशेजारी तो निळसर भासतो. सावळ्या कांतीसाठी पांढरा कमी करा, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) जोडा. उजेड, मधली छटा आणि सावली यांचे ढीग सुरीने आधीच कालवून ठेवा.

कातडी खडूसारखी दिसली तर पांढरा जास्त झालाय. तो छटा उजळतो तशी थंड, म्हणजे निळसरही करतो. सावलीत तर तो जवळपास नकोच. रंगाचा चिखल होतो तो घोटण्याने: 8 नंबरचा सपाट ब्रश टेकवा, ओढा, उचला. गालाची कड विरघळू द्या, नाकाच्या पडछायेची ठळक ठेवा. डोळ्यातला पांढरा भाग करडाच असतो. खरा पांढरा फक्त बुबुळावरच्या चमकेला, तोही शेवटी.

खालच्या थरात टर्पेंटाइन, वर चढत जाल तसं जवसाचं तेल थोडं थोडं वाढवा. उलट केलं तर खालचा थर मागाहून वाळतो आणि वरच्याला तडे जातात. व्हार्निशला, म्हणजे वरच्या संरक्षक पारदर्शक लेपाला, किमान सहा महिने थांबा. तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.