काठमांडूची नोकरी घेताय? परतीची तयारी आधी करा

"ताई, महिना तीन लाख वीस हजार!" मामलेदारच्या मिसळीचा पहिला घास घेऊन डोळ्यांतून पाणी काढत पोरगा म्हणाला आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला. नौपाड्यातला मुलगा, इथल्याच एका विमान कंपनीत एटीआर या प्रोपेलरच्या प्रवासी विमानावर एफओ, म्हणजे को-पायलट. कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याची, वाट बघून कंटाळलेला, म्हणून काठमांडूला अर्ज टाकला आणि ऑफर आली. मी पत्र खालपर्यंत वाचलं. "रुपये कुठले रे?" तो माझ्याकडे बघतच राहिला. पत्रात आकड्याआधी नुसतं 'रु.' होतं. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे, आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ. मी कॅल्क्युलेटरवर भागाकार करून दाखवला. दोन लाख. पाव तसाच हातात राहिला.

मी स्वतः दोन वर्षं तिकडे एटीआर उडवून सीवूड्सला परत आलेय, त्यामुळे असे फोन मला बरेच येतात. त्या सगळ्यांना एकदाच सांगावं म्हणून हे लिहितेय. दुबईला किंवा व्हिएतनामला निघालेला माणूस सहा महिने तयारी करतो, कारण ते परदेश वाटतं. नेपाळ वाटत नाही. व्हिसा नाही, भाषा कळते, पशुपतिनाथाला आपली आजीसुद्धा जाऊन आलेली असते. आणि तिथेच फसायला होतं. कारण सगळं ओळखीचं असून थोडं थोडं सरकलेलं आहे: रुपया सरकलेला, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे, वर्ष सत्तावन्न पुढे. जायला काहीच लागत नाही. जे काही लागतं ते परत यायला लागतं, म्हणून यादी उलट्या बाजूने करायची.

तर आधी इथलं घर आवरा. डीजीसीए या आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला वर्षाची नोटीस द्यावी लागते. बाहेरच्या कंपनीला घाई असते, 'पुढच्या महिन्यात या' म्हणून सांगतात, आणि मग टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाच्या प्रशिक्षणाचा, बाँड अर्धवट टाकून पळण्याची बुद्धी होते. पळू नका. तिकडे कुणी विचारलं नाही तरी दोन-तीन वर्षांनी इकडच्या एचआरसमोर बसाल तेव्हा पहिला कागद मागतील तो जुन्या कंपनीच्या एनओसीचा. बाँडची रक्कम किती उरली, व्याज लागतं का, हे लेखी घ्या. नोटीसचे सहा महिने थांबायला नवी कंपनी तयार नसेल तर तिची गरज आजच्यापुरतीच आहे असं मी समजते.

दुसरी गोष्ट परवान्याची, आणि इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. तिकडची मान्यता मिळाली की इथला परवाना पेटीत ठेवायचा, असं नाही. परदेशी प्राधिकरण आपल्या परवान्यावर जे व्हॅलिडेशन देतं ते आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या नियमाने मूळ परवान्याच्या मुदतीपलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे मुळावर पाणी घालणं तुमच्याच हातात. २०२३ मध्ये आपल्याकडे सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) आणि एटीपीएल (त्यावरचा, एअरलाइन कॅप्टनला लागणारा) यांची मुदत पाचाची दहा वर्षं झाली, त्यामुळे पोरं निर्धास्त असतात. पण मेडिकल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता उपकरणांवर उडवण्याची पात्रता), इंग्रजीची लेव्हल यांची घड्याळं वेगळी चालतात. या सगळ्या तारखा एका कागदावर लिहा आणि तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवा. फोनमधल्या रिमाइंडरवर माझा विश्वास नाही, माझं मेडिकल एकदा त्याच्याच भरवशावर हुकता हुकता राहिलं. मेडिकलसाठी मुंबईला यायची रजा करारात वेगळी धरून घ्या, नाहीतर गणपतीची रजा त्यातच जाते. आणि एटीपीएल इथे अर्धवट असेल, एखादा पेपर राहिला असेल, तर तो देऊनच निघा. तिकडून येऊन परीक्षा देईन म्हणणारे मी पाहिलेत, पेपर दिलेले फारसे नाही पाहिले.

आता लॉगबुक, म्हणजे उडवलेल्या तासांची वही. याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण पोळलेय.

नोकरी सोडली तेव्हा माझ्या लॉगबुकात शेवटच्या सात महिन्यांच्या पानांवर सही-शिक्का नव्हता. चीफ पायलट बदलले होते, नवे म्हणायचे जुन्यांनी करायला हवं होतं, जुने दुसऱ्या कंपनीत. तासांचं प्रमाणपत्र हातात पडायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मी नेरूळच्या जेट्टीवर रोज संध्याकाळी चालायला जायची आणि फ्लेमिंगो मोजायची. कागदावर नसलेले तास इकडे कुणी धरत नाही. आपल्याकडे लॉगबुक डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर चढवावं लागतं, आणि परदेशातले तास तिथल्या कंपनीच्या आणि जमल्यास तिथल्या प्राधिकरणाच्या पत्रासकट असतील तर वाद मिटतो. तेव्हा दर महिन्याच्या शेवटी पान भरायचं, सही घ्यायची, शिक्का घ्यायचा, स्कॅन करून घरी पाठवायचं. चहा पाजावा लागला तर पाजा. पीआयसीचे म्हणजे स्वतः कमांडमध्ये उडवलेले तास, को-पायलटचे तास, देखरेखीखालच्या कमांडचे तास वेगवेगळ्या रकान्यात. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत.

तासांचंच आणखी एक. काठमांडू-पोखरा म्हणजे हवेत जेमतेम पंचवीस मिनिटं. दिवसाला सहा सेक्टर, म्हणजे सहा उड्डाणं केली तरी लॉगबुकात तीन-साडेतीन तास पडतात, आणि पाय मात्र सहा लँडिंगचे थकलेले. हात चांगला बसतो, यात शंका नाही, पण 'वर्षात नऊशे तास' असं कुणी सांगत असेल तर मागच्या वर्षीचा खरा रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, बघायला मागा. पावसाळ्यात फ्लाइट रद्द होतात, हिवाळ्यात सकाळी धुकं, फाल्गुन-चैत्रात जंगलांच्या वणव्यांचा धूर. पगार तासांवर असेल तर हमीचे किमान तास किती, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

विमान कुठलं, हेसुद्धा परतीच्या बाजूनेच बघा. एटीआर असेल तर इंडिगो, अलायन्स, फ्लाय९१ अशी दारं इकडे आहेत. क्यू ४०० ला एक दार. सीआरजेचं रेटिंग घेऊन आलात तर ठेवायला जागा शोधत फिराल. छोट्या ट्विन ऑटरवर लुक्ला, जोमसोमसारखी डोंगरातली विमानतळं करायची हौस असेल तर ती हौस म्हणूनच करा. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटरची, जवळपास बारा टक्के चढाची, उंची सुमारे २,८४५ मीटर. पलीकडे डोंगर, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात गो-अराउंड नाही, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाता येत नाही. तिथे उडवणाऱ्यांना माझा सलाम, पण आमच्या एटीआरवाल्यांचा तो रस्ता नाही.

प्रत्यक्ष उड्डाणाची तयारी म्हणाल तर त्रिभुवन विमानतळ १,३३८ मीटरवर, चारी बाजूंनी डोंगरांची वाटी. जुहू-सांताक्रूझच्या समुद्रसपाटीवर वाढलेल्या हाताला पहिला महिना सगळं वेगात येतंय असं वाटतं, आणि ते खरंच वेगात येतं. तेवढाच इंडिकेटेड स्पीड, म्हणजे काट्यावर दिसणारा वेग, पण हवा विरळ, म्हणून जमिनीवरचा वेग जास्त. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पाठीला कळायला वेळ लागतो.

मी मुलाखतीआधी दोन अपघातांचे चौकशी अहवाल अख्खे वाचायला सांगते, बातम्या नव्हेत. एक जानेवारी २०२३ चा पोखऱ्याचा, एटीआरचाच, ७२ जण गेले. फ्लॅपचा लिव्हर ओढायचा त्याऐवजी प्रोपेलरचे दोन्ही कंडिशन लिव्हर मागे गेले, प्रोपेलर फेदर झाले, म्हणजे त्यांचा पुढे ओढायचा जोर गेला, आणि कुणाच्या वेळेत लक्षात आलं नाही. नवीन विमानतळ सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, व्हिज्युअल सर्किट, म्हणजे डोळ्यांनी धावपट्टी बघत उतरणं, होतं, कामाचा ताण होता. आपण ज्या कॉकपिटमध्ये रोज बसतो तेच कॉकपिट, म्हणून ते वाचताना हात गार पडतात. दुसरा मार्च २०१८ चा काठमांडूचा, ढाक्याहून आलेलं क्यू ४००, ५१ मृत्यू. त्यात कॅप्टनच्या मनाच्या अवस्थेवर लिहिलंय ते वाचा. घरचं भांडण, नोकरीचा राग घेऊन या वाटीत उतरायचं नसतं. परक्या गावात एकट्या खोलीत राहणाऱ्या माणसाने हे जास्तच ध्यानात ठेवावं. ड्यूटी नाकारायची वेळ आली तर फोन कुणाला करायचा आणि त्याने पगार कापला जातो का, हे मुलाखतीत मी विचारलं होतं. समोरचे दोन सेकंद गप्प बसले. त्या दोन सेकंदांवरूनही बरंच कळतं.

युरोपियन युनियनने २०१३ च्या डिसेंबरात नेपाळच्या सगळ्या कंपन्यांवर बंदी घातली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यावरून तिथले पायलट वाईट असा अर्थ काढू नका, मी शिकले ते त्यांच्याकडूनच. पण विमा घेताना याचा हिशेब ठेवा. तुमची लॉस ऑफ लायसन्सची (परवाना गेला तर भरपाई देणारी) पॉलिसी आणि टर्म प्लॅन परदेशी नोंदणीच्या विमानावर काम करताना चालतो का, हे एजंटकडून तोंडी नको, ईमेलवर घ्या.

कर आणि तारखा. नेपाळचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्याला सुरू होतं, आपलं एप्रिलला. शिवाय सरकारी कागदावर तारीख विक्रम संवताची. माझं कर कापल्याचं प्रमाणपत्र बेलापूरच्या सीएने हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "मॅडम, हे २०८० सालचं आहे?" मग अर्धा तास बसून महिने जुळवले. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा २०११ चा करार आहे, पण त्याचा फायदा कागद असेल तरच मिळतो. दर महिन्याची पगाराची स्लिप ठेवा, त्यावर इंग्रजी तारीख मागून घ्या, आणि भारतात वर्षाचे किती दिवस राहिलात ते पासपोर्टवरून नाही कळणार, कारण सीमेवर दर वेळी शिक्का मिळेलच असं नाही. बोर्डिंग पास जपा. दसैंला म्हणजे आपल्या दसऱ्याला तिकडे कामगार कायद्याने एका महिन्याचा सणखर्च मिळतो, तो तुमच्या करारात आहे का तेवढं बघा.

प्रवासाचं सोपं आहे. विमानाने जायला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसांना आधार कार्डावर सोडत नाहीत. नोकरीला जाताय तर पासपोर्टच न्या. गोडा मसाला न्या, कुकर तिथे मिळतो आणि लागतोच, उंचीमुळे डाळ उघड्यावर शिजता शिजत नाही. शनिवार सुट्टीचा. बाकी काठमांडूत राहणं अवघड नाही.

घरचे एक विचारतात ते इथेच सांगते. "आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, घराजवळ नोकरी मिळेल की, तिकडे कशाला जायचं?" हे माझ्या सासूबाईंनी परवा परत ऐकवलं. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली, खरं आहे. पण विमानतळ जवळ असणं आणि आपला बेस जवळ असणं यात फरक आहे, आणि कमांडची रांग उलव्याला विमानतळ झाला म्हणून पुढे सरकत नाही. ज्यांना इकडे वर्षभरात कमांड दिसतेय त्यांनी मात्र जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पगाराच्या त्या फरकासाठी तर नाहीच.

आमच्या पोराने मिसळ संपवेपर्यंत हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाला, "आणि आईला काय सांगू?" त्याची आई काय विचारणार हे मला माहीत होतं. २९ मे २०२२ ला पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर डोंगरावर आदळलं, २२ जण गेले, त्यांत ठाण्यातल्या एका कुटुंबातले चौघे होते. ते दिवस इथल्या कुठल्याच आईच्या डोक्यातून गेलेले नाहीत. तिला आकडे सांगू नकोस म्हटलं. तुझं विमान कुठलं, ते कुठे जात नाही, हे नकाशा घेऊन दाखव. रोस्टर दर आठवड्याला तिला पाठव. दिवसाचं शेवटचं लँडिंग झालं की मेसेज कर, आणि वेळ लिहिशील ती आपली लिही. मी नेपाळची लिहायचे. उशीर झालेल्या एका रात्री मी 'नऊला उतरेन' म्हटलं होतं, आणि इकडे नऊ वाजले तेव्हा तिथे सव्वानऊ झालेले होते, मी गाडीत बसून फोन चार्जिंगला लावत होते. घरी फोन लावला तेव्हा पहिल्या रिंगलाच उचलला गेला आणि पलीकडून कुणी काही बोललंच नाही.