चांदीच्या क्लेचं पाकीट फोडण्याआधी

चांदीची क्ले म्हणजे चांदीची बारीक भुकटी, ती धरून ठेवणारं बंधक आणि पाणी यांचा मऊ गोळा; भाजला की चांदी उरते. पाकीट फोडलं की हातात मोजकीच मिनिटं उरतात. वाऱ्याने क्लेच्या कडा बघता बघता सुकून तडकतात, म्हणून पंखा बंद करून सगळी मांडामांड आधीच उरकून घ्या. नक्षी कागदावर काढताना हवी त्यापेक्षा मोठी काढा. जपानच्या आयदा कंपनीची आर्ट क्ले सिल्व्हर भाजल्यावर ८ ते १० टक्के आटते. याच कारणासाठी पहिली वस्तू अंगठी नको, माप चुकतंच. पेंडंट किंवा कानातलं घ्या.

टेबलावर बेकिंगचा न चिकटणारा कागद, गुळगुळीत लाटणं, धारदार ब्लेड, पाण्याची वाटी, बारीक ब्रश आणि क्ले गुंडाळायला क्लिंग फिल्म. हाताला ऑलिव्ह तेलाचं बोट पुरतं. जास्त तेलाने क्ले सांधत नाही. जाडीसाठी दोन्ही बाजूंना चार-चार पत्ते ठेवा, साधारण एक मिलिमीटर मिळतो. ॲल्युमिनियमची भांडी-हत्यारं मात्र दूर ठेवा, चांदी खराब होते.

खडे लावायचे तर उष्णता सोसणारे क्युबिक झिर्कोनिया (हिऱ्यासारखे दिसणारे कृत्रिम खडे) आणा. मोती, फिरोजा, ओपल आगीत टिकत नाहीत, ते नंतर बसवायचे.

आता सुकवण, आणि इथे घाई करू नका असं मी हात जोडून सांगते. आत ओल राहिली तर वाफेने तुकडा फुगतो, फुटतो. थंड आरशावर तुकडा ठेवून उचला. आरशावर धुकं दिसलं तर अजून ओल आहे. कोकणात पावसाळ्यात एक रात्र पुरेलच असं धरू नका. पूर्ण सुकल्यावरच बारीक पॉलिश पेपरने घासा. भाजल्यानंतर तेच काम कितीतरी कष्टाचं होतं. पडलेली भुकटी डबीत जपा, पाण्यात कालवली की सांधायला उपयोगी पडते.

भाजायला भट्टी नसली तरी २५ ग्रॅमपेक्षा हलका तुकडा ब्युटेन टॉर्चने होतो. भट्टीची वीट, लांब चिमटा, घड्याळ, उघडी खिडकी आणि मंद उजेड हवा. भर उजेडात रंग कळत नाही. आधी थोडा धूर आणि ज्योत दिसेल, ते बंधक जळतंय. मग शेंदरी-गुलाबी लाली आली की लहान तुकड्याला तीच लाली किमान दोन मिनिटं टिकवायची. पृष्ठभाग आरशासारखा चमकू लागला तर लगेच ज्योत मागे घ्या. चांदी ९६२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते.

खडा असेल तर गरम तुकडा पाण्यात टाकू नका. भाजल्यावर तुकडा पांढराफटक दिसेल. घासून चमक आणायला पितळी तारेचा ब्रश आणि साबणाचं पाणी आधीच तयार ठेवा. कोरडा ब्रश चांदीवर पिवळट छटा सोडतो.