ऑनलाइन अभ्यासक्रमात शेरा लिहिताना : नव्या शिक्षकांसाठी काही अनुभव

ऑनलाइन अभ्यासक्रम पहिल्यांदाच शिकवणाऱ्या बहुतेकांची तयारी व्हिडिओ, स्लाइड आणि वेळापत्रक यांच्याभोवती फिरते. स्वाध्याय तपासणे हे त्या मानाने किरकोळ काम समजले जाते आणि ते उरलेल्या वेळेत उरकले जाते. माझा अनुभव असा आहे की विद्यार्थी व्हिडिओ वेग वाढवून पाहतात, मध्येच सोडूनही देतात. पण आपल्या कामाखाली लिहिलेला शेरा ते वाचतात, आणि तो जिव्हारी लागला तर पुन्हा पुन्हा वाचतात. शिक्षक फक्त आपल्याशी बोलत आहेत, असे वाटण्याची ऑनलाइन अभ्यासक्रमातली ती बहुधा एकमेव जागा असते.

शेऱ्यातून आपण दोन वेगळ्या गोष्टी करू शकतो. एक म्हणजे दिलेल्या गुणांचे समर्थन करणे : अमुक मुद्दा राहिला, म्हणून दोन गुण कमी झाले. दुसरी म्हणजे विद्यार्थ्याने पुढच्या कामात नेमके काय वेगळे करावे ते सांगणे. पहिल्या प्रकारामुळे तक्रारी कमी होतात आणि त्याची गरजही असते, पण विद्यार्थी पुढे सरकतो तो दुसऱ्यामुळे. अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, हे गृहीतकही फारसे भक्कम नाही. अव्रहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये या विषयावरील आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक बाबतींत अभिप्रायानंतर कामगिरी उलट खालावल्याचे आढळले. ती विशेषतः तेव्हा खालावते, जेव्हा अभिप्रायामुळे माणसाचे लक्ष हातातल्या कामावरून उडून स्वतःच्या लायकीकडे वळते.

एक उदाहरण घेऊ. संशोधनपद्धतीच्या स्वाध्यायात एका विद्यार्थ्याने असे लिहिले आहे, असे समजा : 'ज्या विद्यार्थ्यांनी सर्व व्हिडिओ पाहिले त्यांना सरासरी गुण जास्त मिळाले, यावरून व्हिडिओ पाहिल्याने गुण वाढतात हे सिद्ध होते.' अशा वाक्याखाली 'विश्लेषण अधिक सखोल हवे' एवढाच शेरा असलेला मी अनेकदा पाहिला आहे. तो चुकीचा नाही, निरुपयोगी आहे. कारण सखोल म्हणजे काय हे ठाऊक असते, तर विद्यार्थ्याने आधीच तसे लिहिले असते. त्याऐवजी असे लिहिता येईल : 'तिसऱ्या परिच्छेदात या दोन गोष्टी एकत्र आढळतात हे तुम्ही आकड्यांनिशी दाखवले आहे आणि त्यासाठी आलेखही योग्य निवडला आहे. मात्र एकीमुळे दुसरी घडते, हे या माहितीवरून ठरत नाही. मुळात चांगली तयारी असलेले विद्यार्थीच सर्व व्हिडिओ पाहत असतील, तरीही हेच आकडे आले असते का? पुढच्या अहवालात निष्कर्षाआधी असे किमान एक पर्यायी कारण मांडा आणि तुमच्या माहितीच्या आधारे ते खोडता येते का, ते तपासा.'

या शेऱ्यात जागा दाखवली आहे, काय जमले ते नेमके सांगितले आहे, उणीव कुठे आहे ते विद्यार्थ्याला स्वतःच दिसावे म्हणून प्रश्न विचारला आहे आणि शेवटी एक काम दिले आहे. यांपैकी शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, असे माझे मत आहे. तपासलेला स्वाध्याय पुन्हा उघडून दुरुस्त करायला ऑनलाइन अभ्यासक्रमात सहसा वेळ नसतो. त्यामुळे जो शेरा पुढच्या स्वाध्यायात वापरता येत नाही, तो वाचून बाजूला ठेवला जातो. म्हणूनच पुढच्या स्वाध्यायाच्या सुरुवातीला 'मागील कोणता शेरा मी येथे वापरला' हे दोन ओळींत लिहायला सांगावे. विद्यार्थी तेवढ्यासाठी तरी जुना शेरा उघडतात, आणि आपले लिहिणे त्यांच्यापर्यंत कसे पोहोचले हे आपल्यालाही कळते. कधीकधी ते आपल्या अपेक्षेपेक्षा भलत्याच अर्थाने पोहोचलेले असते.

नवा शिक्षक उत्साहाच्या भरात प्रत्येक ओळीवर टिप्पणी करतो. फाईल उघडताच समासात रंगीत चौकटींची रांग दिसली, की विद्यार्थ्याला महत्त्वाचे आणि किरकोळ यांतला फरक कळेनासा होतो आणि तो सोपे ते, म्हणजे शुद्धलेखन, तेवढे सुधारतो. दोन, फार तर तीन मुख्य मुद्दे पुरे. भाषेच्या चुका वारंवार होत असतील, तर एका परिच्छेदात त्या दाखवाव्यात आणि उरलेला मजकूर विद्यार्थ्याने स्वतः तपासावा असे सांगावे.

गुण आणि शेरा एकाच वेळी दिल्यास नजर आधी गुणांवर जाते. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शालेय विद्यार्थ्यांच्या एका गटाला फक्त लेखी शेरे, दुसऱ्याला फक्त गुण आणि तिसऱ्याला दोन्ही दिले होते. केवळ शेरे मिळालेल्या गटात दिसलेला लाभ, गुणही सोबत मिळालेल्या गटात दिसला नाही. गुण देणे टाळता येत नसले, तरी ते दोन दिवसांनी जाहीर करण्याची सोय प्रणालीत असेल, तर ती जरूर वापरावी. मात्र हे विद्यार्थ्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर 'गुण दिसत नाहीत' अशा ईमेलांना उत्तरे देण्यात तो वेळ जातो.

वेळेबाबत थोडक्यात सांगायचे तर शेरा पुढच्या डेडलाइनच्या आत, आणि त्यावर काम करायला पुरेसा अवधी राहील असा पोहोचायला हवा. उशिरा आलेल्या सुबक शेऱ्यापेक्षा वेळेत आलेला साधा शेरा बरा.

भाषेचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. वर्गात हसून म्हटलेले 'हे काय लिहिलंय?' पडद्यावर अपमानासारखे वाचले जाते, कारण तिथे ना आवाज असतो ना चेहरा. त्यामुळे वाक्याचा कर्ता शक्यतो विद्यार्थ्याऐवजी त्याचे काम असावे : 'तुम्हाला मुद्दा समजलेला नाही' याऐवजी 'या परिच्छेदात मुद्दा स्पष्ट होत नाही'. कौतुकालाही हाच नियम लागू होतो. जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये केलेल्या मांडणीत अभिप्रायाचे चार स्तर सांगितले आहेत : काम, ते करण्याची प्रक्रिया, स्वतःच्या शिकण्यावरील नियंत्रण आणि व्यक्ती म्हणून विद्यार्थी. यांपैकी शेवटच्या स्तरावरचा अभिप्राय, म्हणजे 'तुम्ही हुशार आहात' यासारखी स्तुती, त्यांनी सर्वांत कमी परिणामकारक मानला आहे. 'खूप छान' लिहायला हरकत नाही. फक्त काय छान, ते त्याच ओळीत यावे.

विद्यार्थिसंख्या मोठी असेल, तर हे सारे कसे जमवायचे, हा रास्त प्रश्न आहे. तपासायला बसण्यापूर्वी काही स्वाध्याय एकही शेरा न लिहिता वाचून काढावेत, म्हणजे सर्वांच्या चुका कोणत्या आणि एखाद्याची कोणती, हे लक्षात येते. सर्वांच्या चुकांसाठी संपूर्ण वर्गाला एकच टिपण पाठवावे. त्यात नमुन्यादाखल स्वतः रचलेला परिच्छेद द्यावा, कोणाचा खरा मजकूर देऊ नये. नेहमी लागणारी वाक्ये साठवून ठेवण्याची सोय गूगल क्लासरूममध्ये आहे आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. पण शेऱ्याचे पहिले वाक्य त्या विद्यार्थ्याच्या कामाबद्दल असावे आणि ते हाताने लिहिलेले असावे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मसुदा करून घेणाऱ्यांनाही मी हेच सांगेन, शिवाय विद्यार्थ्याचे नाव आणि काम परवानगीशिवाय बाहेरच्या साधनात टाकू नये. मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीतील बहुपर्यायी प्रश्नांत प्रत्येक चुकीच्या पर्यायासाठी वेगळे स्पष्टीकरण लिहून ठेवता येते. हा कष्ट एकदाच घ्यावा लागतो, आणि 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' यापेक्षा 'तुम्ही सरासरी काढली आहे, प्रश्न मध्यकाबद्दल आहे' हे कितीतरी उपयोगी पडते.

आवाजात रेकॉर्ड केलेला शेरा हा सौम्य स्वर पोहोचवण्याचा चांगला मार्ग आहे आणि कॅनव्हाससारख्या प्रणालीत तो थेट जोडता येतो. तो दोन मिनिटांपेक्षा लांबवू नये. ध्वनिफितीत नेमकी जागा शोधणे अवघड जाते आणि सर्वांनाच ती ऐकता येईल असे नाही, म्हणून मुख्य मुद्दे लेखी स्वरूपात जोडावेत. नक्कल केल्याचा संशय असल्यास तो शेऱ्यात मुळीच लिहू नये. वेगळ्या संदेशात भेटीची वेळ ठरवून विद्यार्थ्याला त्याच्या मांडणीबद्दल विचारावे आणि संस्थेची ठरलेली पद्धत पाळावी.

ज्यांनी स्वाध्याय दिलाच नाही, त्यांचे नाव तपासणीच्या यादीत येत नसल्यामुळे त्यांच्याकडे सहज दुर्लक्ष होते. डेडलाइन उलटल्यावर एक-दोन दिवसांत त्यांना नावाने दोन ओळी पाठवाव्यात : कुठे अडले आहे का, आणि पूर्ण न झालेले काम आहे त्या स्थितीत पाठवता येईल का. अर्धवट मसुदा हातात आला, की त्यावरही वर सांगितल्याप्रमाणेच शेरा लिहिता येतो.