पहिली चॅरिटी दौड: पायांच्या आणि पावत्यांच्या या चुका टाळा

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ड्रीम रन नावाची एक दौड २००४ पासून आहे. अंतर सुमारे सहा किलोमीटर, सुरुवात सीएसएमटीसमोरून, आणि वेळ मोजली जात नाही. आवडीच्या संस्थेसाठी देणगी गोळा करत पहिल्यांदाच धावायचं असेल, तर इथूनच सुरुवात करावी. देणगीदारांना आकडा भारी वाटावा म्हणून अर्धमॅरेथॉनचे २१ किलोमीटर अंगावर घेऊ नयेत. सहा किलोमीटर म्हणजे काय, चालतही होतील, म्हणून सराव होत नाही. आणि काम पुण्याचं, म्हणून पैशांचा हिशेब नीट ठेवला जात नाही. बाकीच्या बऱ्याच चुका या दोन समजुतींतून निघतात.

देणगी आपल्या खात्यात घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘मला जीपे करा, मी एकत्र भरतो’ असं म्हणून पैसे घेतले की संस्थेच्या दप्तरी देणगीदार म्हणून तुमचंच नाव लागतं. ज्यानं पाच हजार दिले त्याला पावती मिळत नाही, आणि मार्चमध्ये तो ‘एटी-जी’ची, म्हणजे करसवलतीसाठी लागणारी, पावती मागतो तेव्हा देण्यासारखं काही नसतं. प्रत्येकानं तुमच्या नावाच्या ऑनलाइन देणगी पानावर किंवा थेट संस्थेच्या खात्यात भरावं, आणि भरताना पॅन क्रमांक व पॅनवर आहे तसंच नाव लिहावं. पॅन नसेल तर करसवलतीचं प्रमाणपत्र अडतं.

आणखी तीन गोष्टी आधीच सांगून ठेवा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही. नवी करप्रणाली निवडलेल्या नोकरदाराला ही सवलतच नाही, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ असं सरसकट सांगू नका. आणि शर्यतीचं प्रवेशशुल्क म्हणजे देणगी नव्हे; त्याच्या बदल्यात तुम्हाला शर्यतीत जागा मिळालेली असते.

परदेशातल्या नातेवाइकांकडे मागण्याआधी त्यांचा पासपोर्ट कोणता ते विचारा. न्यू जर्सीतला मामेभाऊ अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. तो अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर धरली जाते, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्या छोट्या संस्थेला असे पैसे पाठवले तर गोत्यात संस्था येते.

‘प्लीज डोनेट’ म्हणून थांबणं

शंभर जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली विनंती कुणालाच आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. आधी स्वतः भरा. शून्यावर उभ्या पानावर पहिली देणगी द्यायला लोक कचरतात. मग जवळच्या दहा जणांना एकेकाला फोन करा आणि रक्कम स्पष्ट बोला: ‘मावशी, हजार रुपये देशील का? एका मुलीच्या वह्या-पुस्तकांचा एवढा खर्च येतो, असं संस्थेनं सांगितलंय.’ हा खर्चाचा आकडा संस्थेकडूनच घ्या, अंदाजानं सांगू नका. महिन्याची पहिली ते सात तारीख मागण्यासाठी चांगली; पगार नुकता झालेला असतो. संक्रांत नेमकी शर्यतीच्या आधी येते. हळदीकुंकवाला घरी येणाऱ्यांना तिळगुळाबरोबर संस्थेची माहिती आणि क्यूआर कोड असलेली चिठ्ठी देता येते. कंपनी कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर घालते का, हेही मनुष्यबळ विभागात विचारून घ्या.

शेवटच्या दोन आठवड्यांत सराव उरकणं

दम आठ-दहा दिवसांत थोडा वाढतो, पण हाडं आणि स्नायुबंध तितक्या लवकर तयार होत नाहीत. त्यामुळे श्वास साथ देतो आणि नडगी दुखायला लागते. आठ आठवडे हाताशी हवेत, म्हणजे नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की सुरुवात. चाळिशी ओलांडली असेल, किंवा रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांपैकी काही असेल, तर त्याआधी डॉक्टरांना भेटा.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दर वेळी आधी आणि नंतर पाच मिनिटं चालणं. पहिले दोन आठवडे एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन चालणं, सात वेळा. पाचव्या-सहाव्यात तीन मिनिटं पळणं, एक चालणं, आठ वेळा. सातव्यात पाच पळणं, एक चालणं, सहा वेळा. आठव्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. वेग बरोबर आहे का ते बोलून बघा: पळताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. नवखे अडतात ते वेगामुळे; हळू पळायला सांगितलं तरी त्यांचं हळू फार जोरात असतं.

बूट आणि टी-शर्ट

नवे बूट शर्यतीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. किमान चार आठवडे आधी, संध्याकाळी, पळताना घालायचे तेच मोजे घालून घ्या. दिवसभरात पाऊल थोडं सुजलेलं असतं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. ती नसली की नखं काळी पडतात.

संस्था जो टी-शर्ट देते तो बहुधा सुती, आणि पुढे छापील चित्राचा मोठा चौकोन. सुती कापड घाम धरून ठेवतं, छापील भाग तर हवाही जाऊ देत नाही, आणि ओलं कापड घासून काखेत आणि छातीवर सोलवटतं. तो टी-शर्ट एकदा धुऊन, अर्धा तास त्यात पळून बघा. घासतं तिथे आणि मांड्यांच्या आत पेट्रोलियम जेली लावा. ड्रीम रनमध्ये वेशभूषा करून येण्याची पद्धत छान आहे, फक्त पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा नको. फलक काठीला न लावता कापडी ठेवा. गर्दीत काठी मागच्याच्या डोळ्याला लागते.

शर्यतीचा आठवडा

बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावकाचा क्रमांक, शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. आधीच्या दिवसांत ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. बिबच्या मागे रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर लिहा. आपण जाणार नसाल तर बिब दुसऱ्याला देऊ नका. तो माणूस कोसळला तर डॉक्टरांसमोर भलत्याच माणसाची माहिती येते.

गुळपोळी खावी, पण शनिवारी रात्री तुपात बुडवून नको. साधा वरणभात बरा. सकाळी सुरुवातीच्या दोन तास आधी केळं आणि दोन ब्रेड-जॅम, किंवा कमी तेलाचे पोहे. सरावाच्या दिवशी पोटाला मानवलेलंच खा. त्याच वेळी एक-दीड ग्लास पाणी. सुरुवातीच्या रेषेवर लिटरभर पाणी ढोसलं तर पोट डचमळतं. वाटेत तहान लागेल तसे घोट पुरतात.

दक्षिण मुंबईतले रस्ते बंद असतात, म्हणून गाडी न काढता लोकलनं जा, आणि परतीच्या वेळी मेगाब्लॉक आहे का ते शनिवारीच पाहून ठेवा. स्वच्छतागृहापुढच्या रांगेसाठी अर्धा तास धरा.

धावताना अडलं तर

पहिला किलोमीटर ढोल-ताशा आणि गर्दीच्या जोरावर पळाल, आणि तिसऱ्यात पाय जड होतील. म्हणून पहिली दहा मिनिटं सरावापेक्षाही हळू. चालायचं असेल तर कडेला या. चौघाचौघांनी हातात हात घालून रस्ता अडवू नका.

बरगडीखाली कळ आली तर चालायला लागा, तोंडानं लांब श्वास सोडा, दुखतं तिथे बोटांनी दाबा. पोटरीत गोळा आला तर थांबून पाऊल स्वतःकडे ओढा, झटके देऊ नका. नडगीवर सगळीकडे दुखत असेल तर आठवडाभर पळणं बंद. एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल किंवा रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला चीर असू शकते, डॉक्टरांकडे जा. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी: तिथेच थांबा, स्वयंसेवकाला हाक मारा.

आदल्या दिवशी ताप असेल तर जाऊ नका. ‘लोकांनी पैसे दिलेत’ म्हणून तापात पळणारे दरवर्षी असतात, आणि ही काळजी अनाठायी आहे. पैसे संस्थेला पोचलेले असतात, ते तुमच्या पळण्यावर अवलंबून नसतात. देणगीदारांना फोन करून खरं सांगितलं की पुरतं.

रेषा ओलांडल्यावर

एकदम थांबू किंवा बसू नका. रक्त पायांत साचून चक्कर येते. दहा मिनिटं चाला, मग केळं, पाणी. त्याच संध्याकाळी प्रत्येक देणगीदाराला नावानिशी फोटो आणि आभार पाठवा. अजून न दिलेल्यांना आठवण करायची योग्य वेळही हीच, कारण देणगी पान बहुधा शर्यतीनंतरही काही काळ सुरू असतं. ते कधी बंद होतं आणि करसवलतीची प्रमाणपत्रं कधी येणार, या दोन तारखा संस्थेकडून लिहून घ्या आणि त्या दिवशी कुणाचं प्रमाणपत्र राहिलंय ते स्वतः तपासा.