रिजेक्शन कमी झालं, आता ते पुन्हा चढू नये म्हणून

भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटीला नव्याने लागलात की बहुधा एखाद्या लाइनचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, कमी करायचं काम अंगावर येतं. महिनाभर लक्ष दिलं की आकडा खाली येतोच. तो खालीच ठेवणं अवघड, आणि ते ऑपरेटरशिवाय जमत नाही.

आधी गेज, म्हणजे मोजायचं साधन, तपासा. एकाच जॉबचा (मशीनवर बनणाऱ्या भागाचा) बोअर, म्हणजे आतल्या भोकाचं माप, दोघे वेगवेगळा मोजत असतील तर पुढचे सगळे आलेख फुकट. ३ ऑपरेटर, १० जॉब, प्रत्येकाची ३ रीडिंग असा गेज आर अँड आर करा, म्हणजे मापांतला किती फरक मोजण्यामुळेच येतो ते काढा. जॉब नेहमीच्या उत्पादनातलेच, पण लहान-मोठ्या मापांचे घ्या. मोजणाऱ्याला जॉबचा नंबर कळू देऊ नका, नाहीतर तो आधीचंच रीडिंग आठवून सांगतो. हा फरक १० टक्क्यांच्या आत आला तर उत्तम. ३० च्या वर गेला तर लाइनला हात लावण्याआधी गेज किंवा मोजायची पद्धत सुधारा.

मग मशीनपाशी चेकशीट लावा. त्यात शिफ्ट, मशीन आणि इन्सर्ट (कापणारं पातं) बदलल्याची वेळ हे रकाने हवेतच. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, नीट दिला नाही की पहिले काही जॉब मापाबाहेर जातात. महिन्याच्या एकूण आकड्यात हे कधीच दिसत नाही.

कारण शोधायला क्वालिटी सर्कल, म्हणजे कामगारांचाच अडचणी सोडवणारा छोटा गट, अजूनही उपयोगी आहे. जपानमध्ये ते १९६२ साली सुरू झालं, भारतात १९८० मध्ये हैदराबादच्या भेल या सरकारी कंपनीत. सहा ते दहा माणसं, आठवड्याला एक तास, आणि म्होरक्या त्यांच्यातलाच. तुम्ही मार्कर हातात घेतलात की बाकीचे गप्प बसतात. मीटिंग शिफ्टच्या वेळेतच घ्या. सुटी झाल्यावर कंपनीची बस निघते. चाकणहून हडपसरला जाणारा माणूस फिशबोन (कारणं मांडायची माशाच्या काट्यासारखी आकृती) काढायला का थांबेल? कंत्राटी कामगारांना वगळू नका, बऱ्याचदा मशीनवर तेच उभे असतात.

सूचना आली की आठवड्याच्या आत उत्तर द्या. नकार असला तरी कारणासह, तोंडावर सांगा. उत्तर न मिळालेला माणूस दुसरी सूचना देत नाही, हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बक्षीस ठेवायचं तर लहान आणि अख्ख्या गटाला. एकट्याला पाकीट दिलं की गट फुटतो.

उपाय लागू पडला की त्याच आठवड्यात वर्क इन्स्ट्रक्शन आणि कंट्रोल प्लॅन (काय, कधी, कसं तपासायचं तो कागद) बदला, आणि तिन्ही शिफ्टना मशीनवर उभं राहून दाखवा. कागद जुनाच राहिला तर नवा ऑपरेटर जुनीच पद्धत शिकतो. शक्य तिथे पोका-योके, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय, करा: फिक्श्चरमध्ये (जॉब धरणाऱ्या साच्यात) एक पिन अशी बसवा की जॉब उलटा बसूच शकणार नाही. पुढचे तीन महिने सुपरवायझरने आठवड्याला आणि मॅनेजरने महिन्याला मशीनपाशी जाऊन तपासावं. त्यातली निदान एक फेरी रात्रपाळीत व्हावी.