शेतासाठी जागा बघायची तर मे महिन्यात

डोंबिवली-बोरिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊन कर्जत, मुरबाड किंवा शहापूरकडे घरचं पिकवून खायचा बेत असेल, तर जागा जुलैत बघू नका. पावसाळ्यात तिथला कातळसुद्धा हिरवागार दिसतो आणि एजंटला तेच हवं असतं. मे महिन्यात भर दुपारी जा. विहिरीत डोकावा, बोअरचा पंप समोर तासभर चालवायला लावा. धार बारीक होते का, मध्येच हवा ओढते का, बघा. गावात टँकर येतो का, हे एजंटला नाही, हंडा घेऊन निघालेल्या मावशींना विचारा. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत, तरी तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो.

हिशेब साधा आहे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेवढ्या भाजीला कडक उन्हाळ्यात रोज साधारण ५०० लिटर पाणी लागतं. ठिबक लावलं तर थोडं वाचेल, पण म्हैस पाळायची हौस असेल तर तिचं वेगळं धरा.

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आणि पीकपाहणीत उन्हाळी पीक दिसतंय का, तेही तपासा. आणि हो, १९४८च्या कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे टोकन देण्याआधी आजोबांच्या गावचा सातबारा शोधा; त्यावर आपल्या घरच्यांची नावं लागली आहेत का, ते वकिलाला दाखवा.